बँक कोण निवडतं?

आशावादी : नांदेड-लातूरच्या माणसाला आज बँकांची वानवा नाही. लातूरच्या गंजगोलाईतून औसा रोडकडे निघा, नाहीतर नांदेडच्या वजिराबादहून तरोडा नाक्याकडे. सरकारी, खासगी, ग्रामीण, नागरी सहकारी, स्मॉल फायनान्स, सगळ्या पाट्या एकाच रस्त्यावर वाचायला मिळतात. आपल्या वडीलधाऱ्यांच्या काळात असं नव्हतं. त्यांच्यासाठी बँक म्हणजे ‘हैदराबाद बँक’. निजामाच्या राज्यात १९४१ साली ती निघाली. तेव्हा तिच्याकडे हाली शिक्का या निजामी चलनाचा कारभार होता. १९५६ साली तिचं नाव स्टेट बँक ऑफ हैदराबाद झालं आणि मराठवाडा महाराष्ट्रात आला तरी ती आपल्याकडेच राहिली. पगार तिथे, पेन्शन तिथे, कर्जही तिथेच. निवडीचा प्रश्नच नव्हता. आज तो आहे, आणि तो ग्राहकाच्या बाजूने आहे. ऑक्टोबर २०११ पासून बचत खात्याचा व्याजदर ठरवायला बँका मोकळ्या झाल्या. फेब्रुवारी २०२० पासून ठेवीवरचा विमा एक लाखाचा पाच लाख झाला. स्टेट बँकेने मार्च २०२० मध्ये किमान शिलकीची अट काढून टाकली. भाजीवालीच्या गाड्यावर क्यूआर कोड लागला. म्हणजे ग्राहक आता तुलना करू शकतो. पैसा सुरक्षित आहे का, व्याज किती, शाखा जवळ आहे का, माणसं नीट वागतात का, हे चार प्रश्न विचारून तो बँक ठरवतो. बँकांनाही त्याची दखल घ्यावी लागते. मला हे चांगलं लक्षण वाटतं.

साशंक : तुमचे चार प्रश्न बरोबर आहेत, पण ते विचारण्याची वेळ कुणावर येते ते बघू. कुठल्याही गावात दहा जणांना विचारा, ‘तुमचं पहिलं खातं कसं उघडलं?’ शिक्षक सांगेल, संस्थेने ज्या बँकेत पगार करायचं ठरवलं तिथे. मांजरा पट्ट्यातला ऊस उत्पादक सांगेल, उसाचं बिल जिल्हा बँकेत येतं म्हणून तिथे. पीककर्जवाला सांगेल, आमचं गाव त्या बँकेला दत्तक आहे. ही दत्तक गावांची पद्धत १९८९ च्या एप्रिलपासूनची आहे. रिझर्व्ह बँकेने प्रत्येक ग्रामीण शाखेला पंधरा ते पंचवीस गावं वाटून दिली. २००४ च्या अखेरीस सरकारी योजना सोडून बाकीच्या कर्जांसाठी ते बंधन सैल केलं, पण शाखेच्या काउंटरवर ते अजून जिवंत आहे. ‘तुमचं गाव आमच्याकडे नाही’ हे वाक्य ऐकून परत फिरलेला शेतकरी तुम्हालाही भेटला असेल. आणि अलीकडचं उदाहरण ‘लाडकी बहीण’ योजनेचं. ऑगस्ट २०२४ मध्ये दोन महिन्यांचे मिळून तीन हजार रुपये जमा झाले आणि बायका या बँकेतून त्या बँकेत फिरू लागल्या. फॉर्मवर एका बँकेचं पासबुक जोडलं होतं, पैसे आले दुसऱ्याच खात्यात. कारण सरकारचा पैसा फॉर्मवरचा खाते क्रमांक बघून जात नाही. आधार शेवटचं ज्या बँकेशी जोडलं गेलं तिथे तो जातो. एखादीने २०१४-१५ मध्ये मेळाव्यात जनधन खातं काढलेलं असतं, नंतर पोस्टमनच्या यंत्रावर अंगठा देऊन पोस्टाच्या पेमेंट्स बँकेत दुसरं. त्यातलं कुठलं आधारशी जोडलंय हे तिला कुणी सांगितलेलंच नसतं. तिने बँक निवडली असं आपण म्हणायचं का?

आशावादी : पहिल्या खात्याबद्दल मी तुमचं सगळं मान्य करतो. तरीही आपल्याकडच्या घरांत एकच खातं असतं कुठे? पैसा ज्या खात्यात उतरतो ते खातं लादलेलं असतं. तो तिथून काढून माणूस जिथे ठेवतो ते खातं त्याचं स्वतःचं असतं. पगार झाला की दुसऱ्या दिवशी निम्मी रक्कम दुसरीकडे. सोयाबीनची पट्टी झाली की आडत्याने खात्यात टाकलेले पैसे तिसरीकडे. हे दुसरं-तिसरं खातं बघा, मग तुम्हाला आवड-निवड दिसेल.

मोंढ्यातल्या पिग्मीचं बघा. ही कल्पना इथली नाही, १९२८ साली उडुपीकडे सिंडिकेट बँकेने ती सुरू केली. पण मोंढ्याने तिला जितकं आपलंसं केलं तितकं क्वचित कुठे केलं असेल. संध्याकाळी सहाच्या सुमाराला पिग्मी एजंट दुकानाच्या पायरीशी येतो. मोटारसायकल बंद करत नाही. दुकानदार गल्ल्यातून शंभराची नोट काढून देतो. पूर्वी कार्डावर सही व्हायची, आता हातातल्या छोट्या यंत्रातून पावती निघते. दोघांत बोलणं होतं ते ‘पाऊस झाला का तिकडं?’ एवढंच. पण दुकान दोन दिवस बंद दिसलं तर एजंट घरी जातो. वर्षाअखेरीला छत्तीस हजार जमलेले असतात आणि त्यावर कर्ज हवं असेल तर फॉर्म भरायला तोच माणूस सोबत बसतो. व्याज किती मिळतं? बचत खात्यापेक्षा फार नाही. मुदतीआधी मोडली तर तेही कापतात. दुकानदाराला हे कळत नाही असं नाही. तो व्याजासाठी ठेवतच नाही. रोज दारात येणारी बँक त्याने निवडलेली असते, आणि ती त्याने डोळे उघडे ठेवून निवडलेली असते.

साशंक : हाच माणूस माझ्या डोळ्यांपुढे आहे आणि म्हणूनच मला काळजी वाटते. दुकानदाराला ओळखतो तो एजंट. ज्या संस्थेसाठी तो पैसे गोळा करतो तिचा ताळेबंद एजंटालाही माहीत नसतो. भरवसा माणसावर ठेवला जातो आणि पैसा संस्थेत जातो. या दोन्हींच्या मधली जागा बघायला कुणी थांबत नाही. बीडच्या ज्ञानराधा मल्टिस्टेटमध्ये २०२३ साली लोकांच्या ठेवी कशा अडकल्या ते मराठवाडाभर ठाऊक आहे. बारा-चौदा टक्के व्याजाचं आमिष होतं, झगझगीत शाखा होत्या, मालकाचे इतर उद्योग डोळ्यांसमोर होते. त्याच वर्षी छत्रपती संभाजीनगरात आदर्श नागरी पतसंस्थेचा घोटाळा बाहेर आला आणि ठेवीदार रस्त्यावर उतरले. हे लोक लोभी होते असं म्हणणं मला पटत नाही. निवृत्त शिक्षक होते, मुलीच्या लग्नासाठी जमवणारे होते, वावर विकून पैसे ठेवणारे होते. त्यांना एकच गोष्ट कुणी ठळकपणे सांगितली नव्हती. नागरी सहकारी बँक आणि पतसंस्था, या दोन पाट्या एकसारख्या दिसल्या तरी कायद्याच्या लेखी एक नाहीत. बँकेला रिझर्व्ह बँकेचा परवाना असतो आणि तिच्या ठेवींना विमा असतो. पतसंस्थेला नसतो, मल्टिस्टेट सोसायटीलाही नसतो.

फरक किती पडतो ते जवळच बघायला मिळालं. उस्मानाबादच्या वसंतदादा नागरी सहकारी बँकेचा परवाना जानेवारी २०२१ मध्ये रद्द झाला. ती बँक होती, म्हणून पाच लाखांपर्यंतच्या ठेवीदारांना विमा महामंडळाकडून पैसे मिळण्याचा रस्ता होता. पतसंस्थेच्या ठेवीदारापुढे मालमत्तेची जप्ती, तिचा लिलाव आणि कोर्टाच्या तारखा एवढंच उरतं.

लेखक : इथे दोघांच्या मधे येऊन मीच एक सांगतो, कारण हा फरक ओळखणं अवघड नाही आणि तरी तो ओळखला जात नाही. विमा असलेल्या बँकेने ठेव विमा महामंडळाचं चिन्ह आणि क्यूआर कोड आपल्या वेबसाइटवर लावायचा असतो. परवाना रिझर्व्ह बँकेचा असतो, पतसंस्थेची नोंदणी मात्र सहकार खात्याकडे आणि मल्टिस्टेटची दिल्लीच्या केंद्रीय निबंधकाकडे. ‘आमची नोंदणी थेट केंद्र सरकारकडे आहे’ हे वाक्य ठेव मागताना मोठ्या अभिमानाने सांगितलं जातं, आणि ऐकणाऱ्याला वाटतं की मागे सरकार उभं आहे. उभं नसतं. पतसंस्थांनी स्वतःला ‘बँक’ म्हणवू नये असं रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०२१ मध्ये जाहीरपणे बजावलं. गावात आजही लोक पतसंस्थेला बँकच म्हणतात.

आशावादी : तुमचा इशारा मी डोक्यावर घेतो. पण मग एका प्रश्नाचं उत्तर द्या. सुरक्षित बँका समोर असताना लोक तिकडे का गेले? व्याज हे अर्धं कारण झालं. उरलेलं अर्धं सरकारी शाखेच्या काउंटरवर सापडतं. निराधार योजनेचे पैसे काढायला आलेली म्हातारी घ्या. पैसे काढण्याची स्लिप तिला भरता येत नाही. ती स्लिप हातात धरून रांगेतल्या पोरांकडे बघत उभी राहते. बऱ्याच शाखांत स्लिप भरून देणारा माणूस म्हणजे दारावरचा सिक्युरिटी गार्ड. त्याचं ते काम नाही, त्याला त्याचा पगारही नाही, पण त्या म्हातारीच्या दृष्टीने बँक म्हणजे तो. तो बदलून गेला की ती म्हणते, ‘त्या बँकेत आता कुणी नाही.’ आत जावं तर साहेब परराज्यातून बदलून आलेला. बिचारा तोही अडचणीत असतो, त्याला ‘फेरफार’ आणि ‘बोजा’ कळत नाही आणि शेतकऱ्याला आपलं गाऱ्हाणं हिंदीत मांडता येत नाही. मग ‘सर्व्हर डाऊन आहे’, ‘आधी केवायसी करा’, ‘उद्या या’. मुखेडच्या वाडीवरून आलेल्या बाईचा ‘उद्या’ म्हणजे एक रोज बुडाला आणि एसटीचं भाडं गेलं. ती मग गावातल्या ग्राहक सेवा केंद्रावर जाते, किराणा दुकानातल्या यंत्रावर अंगठा लावते. खुरपण करून रेषा झिजलेला अंगठा तिथेही उमटत नाही. पण दुकानदार हात पुसायला फडकं देतो, दुसरं बोट लावायला सांगतो, पुन्हा प्रयत्न करतो.

१ एप्रिल २०१७ ला हैदराबाद बँक स्टेट बँकेत विलीन झाली तेव्हा पैशांचं काही बुडालं नाही. उलट बँक आणखी मोठी झाली. तरी आपल्याकडे हळहळ होती. आयएफएससी कोड बदलले, जवळच्या दोन शाखांची एक झाली, ओळखीचे कारकून पांगले. त्या हळहळीत ग्राहकाच्या मनातलं सगळं आलं. पैसा बुडण्याची भीती माणसाला असतेच, पण रोजची भीती निराळी असते. चार लोकांसमोर आपल्याला परत पाठवतील ही. मी म्हणतो, नांदेड-लातूरचा माणूस बँक निवडताना ही दुसरी भीती आधी मोजतो. आणि त्यात मला त्याचा अडाणीपणा दिसत नाही.

साशंक : अडाणीपणा मलाही दिसत नाही. पण परत पाठवणं कशासाठी, हे तुम्ही अर्धंच सांगितलंत. पैसे काढायला गेलेल्याला उद्या या म्हटलं तर त्रास होतो. कर्ज मागायला गेलेल्याला परत पाठवलं तर पेरणी चुकते. आमच्याकडे बँकेची खरी परीक्षा जूनमध्ये होते. खरिपाच्या तोंडावर कोण पैसे देतो? तारण न घेता दोन लाखांपर्यंत शेतीकर्ज द्यावं असा नियम जानेवारी २०२५ पासून आहे. तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज वेळेत फेडलं तर राज्याच्या व्याज सवलतीमुळे शेतकऱ्याला ते बिनव्याजी पडतं. कागदावर हे उत्तम आहे. काउंटरवर इतर बँकांच्या बेबाकीचे दाखले मागतात, सातबाऱ्यावर आधीचा बोजा असला की बोलणं तिथेच संपतं, आणि गेली काही वर्षं सिबिल, म्हणजे जुन्या कर्जफेडीच्या नोंदीचा गुणांक. मे २०२५ मध्ये मुख्यमंत्र्यांना बँकर्स समितीच्या बैठकीत सांगावं लागलं की पीककर्जाला सिबिल मागाल तर गुन्हे दाखल करू. राज्याच्या प्रमुखाला हे बोलावं लागलं यावरून दाराशी काय चाललं होतं ते समजून घ्या.

तुम्ही ज्याला निवड म्हणता ती मला इथे वेगळी दिसते. माणूस ठेव ठेवतो तेव्हा तो आपल्या पैशाला जागा शोधत नसतो. उद्या ज्याच्याकडे हात पसरायचा आहे त्याच्याशी आज ओळख करून ठेवत असतो. म्हणून तो पतसंस्थेच्या चेअरमनच्या गणपतीला जातो, सोसायटीच्या गटसचिवाला नमस्कार करतो, पिग्मी एका दिवसाचीही चुकवत नाही. आणि ज्याला यातलं एकही दार नाही, त्याचं काय होतं ते कंधार, मुखेड, जळकोटच्या तांड्यांवर जाऊन बघा. दिवाळी झाली की गावं रिकामी होतात. ऊसतोडीला जाणाऱ्या जोडप्याला मुकादम उचल देतो. कागद नाही, जामीनदार नाही, सिबिल नाही, एका दिवसात रोख रक्कम हातात. त्यांच्या खिशात जनधनचं कार्ड असतं. पण गरजेच्या रात्री पैसे देणारा हीच जर बँकेची ओळख असेल, तर त्यांची बँक मुकादम आहे. त्याची किंमत ते सहा महिन्यांच्या अंगमेहनतीने मोजतात.

आशावादी : तुम्ही जे सांगताय त्यातूनच माझा मुद्दा पुढे जातो. गरजेला उभं राहणारी संस्था नीट चालवता येते, हे दाखवणारं उदाहरण आपल्या दोन जिल्ह्यांतच आहे. लातूर जिल्हा १९८२ मध्ये उस्मानाबादमधून वेगळा झाला, म्हणजे तिथली जिल्हा बँक तशी तरुण. पण ती कारखाने, सोसायट्या आणि शेतकरी यांच्या साखळीत पक्की बसली, ऊसबिलातून वसुली होत राहिली आणि तिची पत टिकली. शेजारच्या नांदेडची जिल्हा बँक मोठ्या आर्थिक संकटातून गेली, प्रशासक आले, शेतकऱ्यांचा तिच्यावरचा भरवसा उडाला. दोन्ही सहकारी, दोन्हींवर राजकारण्यांचं वर्चस्व, दोन्हींचा शेतकरी सोयाबीन-तूर-उसाचाच. तरी लातूरचा शेतकरी पीककर्जासाठी आधी जिल्हा बँकेकडे बघतो आणि नांदेडचा ग्रामीण बँकेकडे किंवा स्टेट बँकेकडे. ही निवड लोकांनी केली, अनुभवावरून केली. नांदेडकडे तर मराठवाडा ग्रामीण बँकेचं मुख्यालयच होतं. २००९ मध्ये ती गोदावरी ग्रामीण बँकेशी मिळून महाराष्ट्र ग्रामीण बँक झाली आणि १ मे २०२५ पासून विदर्भ-कोकण ग्रामीण बँकही त्यातच आली. पाट्या बदलत गेल्या, पण खेड्यातला माणूस ‘ग्रामीण’वर टिकून राहिला, कारण तिथला साहेब मोटारसायकलवर गावात येत होता.

साशंक : लातूरचं कौतुक मीही करतो. पण लातूरच्या शेतकऱ्याने चांगली बँक ‘निवडली’ की चांगली चालवलेली बँक त्याच्या नशिबी आली? नांदेडच्या शेतकऱ्याने काय चुकीचं निवडलं होतं? सोसायटीचा सभासद तो जन्माने असतो म्हणा ना, बापाच्या सातबाऱ्याबरोबर सभासदत्वही येतं. संचालक मंडळ कर्ज कुणाला देतं हे त्याला वार्षिक सभेत कळत नाही. आणि जरी बँक चांगली चालली तरी तिच्या हाताबाहेरच्या गोष्टी असतात. ८ नोव्हेंबर २०१६ ला नोटाबंदी झाली आणि सहाव्या दिवशी, १४ तारखेला, जिल्हा बँकांना जुन्या नोटा घ्यायची मनाई झाली. सोयाबीन नुकतंच मोंढ्यात गेलेलं होतं. हातात नोटा होत्या आणि ज्या एका बँकेत जायची सवय होती तिचंच दार बंद. आधी घेतलेल्या नोटाही बँकांकडे महिनोन्‌महिने पडून राहिल्या. लातूरची चांगली बँक आणि नांदेडची अडचणीतली बँक, दोघींनाही तो नियम सारखाच लागला.

छोट्या बँकांना आणखी एक धोका असतो, तो ग्राहकाला बाहेरून दिसतच नाही. २०२१ च्या सुरुवातीला नांदेडच्या शंकर नागरी सहकारी बँकेच्या खात्यातून चौदा कोटींहून अधिक रक्कम सायबर चोरांनी परस्पर वळवली. ठेवीदार हे आधी कशावरून ओळखणार होता? ‘ऑडिट वर्ग अ’ आणि ‘नक्त एनपीए शून्य’ हे शब्द दिनदर्शिकेवर छापलेले असतात. त्यांच्यामागे काय आहे हे तपासायला लागणारं ज्ञान सरासरी पदवीधराकडेही नाही.

आशावादी : मग ज्ञानाशिवाय पाळता येईल असा साधा नियम असला पाहिजे, आणि तो आहे. कुठल्याही एका बँकेत एका नावावर व्याज धरून पाच लाखांच्या वर ठेवू नका. समजा नागपूर-तुळजापूर महामार्गात जमीन गेली आणि एखाद्याला तीस लाखांचा मावेजा आला. दुसऱ्या दिवसापासून त्याच्या ओसरीवर माणसं यायला लागतात. खासगी बँकेचा टाय लावलेला पोरगा, पतसंस्थेचे संचालक, विम्याचा एजंट, प्लॉटवाला. त्याला मी एवढंच सांगेन, साडेचार लाख या बँकेत, साडेचार त्या बँकेत. बायकोच्या नावावर वेगळा विमा मिळतो, दोघांच्या संयुक्त नावावर आणखी वेगळा. तीन-चार बँकांत तीस लाख पूर्ण संरक्षणात बसतात. कुणाचा ताळेबंद वाचायला नको, कुणाच्या शब्दावर विसंबायला नको. पीएमसी बँकेवर सप्टेंबर २०१९ मध्ये निर्बंध आले तेव्हा सुरुवातीला खात्यातून फक्त एक हजार रुपये काढता येत होते आणि पाच लाखांवरच्या ठेवीदारांना पुढे दहा वर्षांपर्यंतचे हप्ते मिळाले. वाटून ठेवलेल्या माणसावर ती पाळी येत नाही. २०२१ च्या दुरुस्तीनंतर निर्बंध लागल्यापासून नव्वद दिवसांत विम्याचे पैसे मिळायची तरतूदही झाली आहे.

साशंक : हा नियम मी उद्या माझ्या भावालाही सांगेन. पण त्याची किंमतही सांगितली पाहिजे. तीस लाख एका शाखेत ठेवणारा माणूस त्या शाखेत मोठा ग्राहक असतो. मॅनेजर त्याला खुर्ची देतो, चहा मागवतो, त्याच्या मुलाच्या ट्रॅक्टरची फाइल आठ दिवसांत हलते. तेच पैसे चार ठिकाणी वाटले की चारही ठिकाणी तो रांगेतला एक. तुमची पहिली भीती, पैसा बुडण्याची, त्याने घालवली. दुसरी भीती, परत पाठवलं जाण्याची, त्याने चौपट केली. विमा सांगतो वाटून ठेव. पत सांगते एका जागी ठेव. आणि तुम्हीच मघाशी म्हणालात की आपला माणूस दुसरी भीती आधी मोजतो. मग तो तुमचा नियम का पाळेल?

आशावादी : कारण पत आता शाखेतल्या साहेबाच्या डोक्यात राहत नाही. तुम्ही सिबिलवर रागावता, पण त्याची दुसरी बाजू बघा. दहा वर्षं हप्ते नीट फेडल्याची नोंद आज ग्राहकाबरोबर बँकेबँकेत फिरते. पूर्वी साहेब बदलला की ओळख संपायची. मोबाइलचा नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येते तसं खाते क्रमांक तोच ठेवून बँक बदलता यावी, अशी सूचना रिझर्व्ह बँकेचे तत्कालीन डेप्युटी गव्हर्नर एस. एस. मुंद्रा यांनी २०१७ मध्येच केली होती. ते झालेलं नाही, पण दिशा तीच आहे. नोंद फिरायला लागली की माणसाला कुणाच्या गणपतीला जायची गरज उरणार नाही. मुकादमाच्या उचलीतून सुटायचा मार्गही शेवटी याच नोंदीतून जाईल.

साशंक : नोंदीत काय लिहिलं जातं यावर ते अवलंबून आहे. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं. त्याच्या आधीच्या सलग दुष्काळात ज्याचे हप्ते थकले त्याच्या नोंदीत ‘थकबाकी’ लिहिलं गेलं, ‘पाऊस पडला नाही’ असं लिहायला रकाना नाही. एकरकमी तडजोड करून कर्ज मिटवलं तर ‘सेटल्ड’ असा शिक्का वर्षानुवर्षं राहतो आणि पुढची बँक तो बघून मान हलवते. गावातल्या सोसायटीच्या सचिवाला हे सगळं ठाऊक असतं. हा माणूस खोटा नाही, दोन वर्षं आभाळाने दगा दिला, हे तो जाणतो. म्हणजे माणसाला ओळखणाऱ्या संस्थेत पैसा बुडू शकतो आणि पैसा सांभाळणाऱ्या संस्थेत माणूस ओळखला जात नाही. तुमची नोंद या दोन्हींना जोडेल असं तुम्हाला वाटतं. मला वाटतं ती अजून एकाच बाजूची आहे.

आशावादी : तसंच धरून चालू. तरी त्या मावेजावाल्याला उद्या सकाळी उत्तर द्यावं लागेल. त्याला दोन वर्षांनी ट्रॅक्टर घ्यायचाय, मुलगी लातूरला नीटची तयारी करते, तिच्या कॉलेजला शैक्षणिक कर्ज लागू शकतं. तुम्ही काय सांगाल?

साशंक : मी आधी विचारेन, पुढचं कर्ज कुठून काढणार आहेस? ज्या बँकेत ते निघण्याची शक्यता जास्त, तिथे विम्याच्या मर्यादेत एक ठेव आणि रोजचा सगळा व्यवहार. कर्ज मंजूर करणाऱ्याला शिल्लक दिसते तसा व्यवहारही दिसतो. बाकीची रक्कम दुसऱ्या दोन-तीन बँकांत, पत्नीच्या आणि संयुक्त नावाने वाटून. पतसंस्थेत पिग्मी चालू ठेवायची असेल तर तेवढीच, जेवढी बुडाली तरी घर उभं राहील.

आशावादी : हा तर जवळपास माझाच नियम झाला.

साशंक : नियम तुमचा आहे, पण तो त्याच्यापर्यंत पोहोचवणार कोण? असा माणूस बँकेच्या वेबसाइटवर जात नाही. तो पिग्मी एजंटाला विचारतो, सोसायटीच्या सचिवाला, आडत्याला, शिक्षक असलेल्या मेहुण्याला. त्यातल्या एजंटाला ठेवीवर कमिशन आहे, सचिवाला चेअरमनचं ऐकावं लागतं, आडत्याचे स्वतःचे पैसे त्याच पतसंस्थेत अडकलेले असतात. उरला मेहुणा.

आशावादी : आणि मेहुण्याला संयुक्त खात्याचा विमा वेगळा मिळतो हे ठाऊक आहे का?

साशंक : नांदेड-लातूरमधल्या कुठल्याही शाळेच्या स्टाफरूममध्ये जाऊन विचारा. तिथल्या निम्म्या लोकांनी स्वतःच्या पीएफचे पैसे कुठे ठेवलेत, तेही त्याच वेळी विचारून घ्या.